हातभार चालू ठेवा

...नाही नाही, तुम्ही मला सांगा, फोन कुणाचा? माझा! बॅटरी कुणाची? माझी! आणि त्यावर गप्पा कोण मारतंय? खालच्या मजल्यावरचा जिमवाला! होणाऱ्या बायकोशी! आणि गप्पा तरी काय? ‘तू ठेव’... ‘नाही, तू ठेव’... अरे, कुणीतरी ठेवा की रे बाबांनो! इथे माझ्या फोनने मान टाकली, दिवसभरात मी स्वतः एक मिस्ड कॉलसुद्धा दिलेला नाही! आणि हे सगळं कशामुळे? आमच्या जावयाच्या गणितामुळे. गणित बरोबर होतं हो! गणिताला मी नावं ठेवत नाही.

तुम्हाला सांगतो, आमची बिल्डिंग खड्ड्यात आहे. म्हणजे खरंच खड्ड्यात. तिन्ही बाजूंनी चढ, टॉवर टेकडीच्या पलीकडे, आणि रेंज म्हणाल तर फक्त वरच्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाईंच्या खिडकीत आणि रस्त्यावर इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी. मधले आम्ही सगळे अधांतरी. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर मी लोकांना विचारतो, ‘आता दिसतंय? आता? आणि आता?’ आणि घरी आलो की फोन कानाला लावून तेच, ‘आता ऐकू येतंय? आता? आणि आता?’ दुकानात निदान कुणीतरी उत्तर देतं!

चाललं होतं आपलं. पण आमच्या लेकीला मुलगी झाली... आणि आम्हाला कळलं कसं? इस्त्रीवाल्याकडून! जावयाने आम्हाला फोन लावून लावून शेवटी त्याला लावला. हा आपला कपड्यांचं गाठोडं घेऊन वर आला, दारात उभा, ‘आजोबा झालात! आणि दोन शर्ट उद्या मिळतील.’ दोन्ही बातम्या एका दमात! हिने काय केलं? शर्ट मोजले नाहीत की रडली नाही. बॅग काढली. ‘ज्या घरात नात झाल्याचं इस्त्रीवाल्याकडून कळतं, त्या घरात मला राहायचं नाही. फोन लागायला लागला की येईन.’ आणि गेली लेकीकडे. मी आपला एकटा. दूध उतू घालवतो, किल्ल्या विसरतो, आणि टीव्हीवर कुणी काही बोललं की शेजारी बघून म्हणतो, ‘ऐकलंस का?’... ऐकायला कोण आहे?

मग आमचे जावईबापू धावून आले. हे संशोधक. कशावर? तर माणसं एकमेकांना मदत कधी करतात आणि कधी टांग मारतात, त्यावर. मला समजावायला बसले, ‘बाबा, समजा दोन चोर आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलेत...’ मी म्हटलं, ‘पोरगी बघायला आलात तेव्हा चोरांवर अभ्यास करता हे बोलला नव्हतात!’

तर त्याने एक अ‍ॅप केलं. कल्पना साधी. बाईंच्या फोनला वर रेंज येते, त्याने ती माझ्या फोनला द्यायची, माझ्याने जिमवाल्याला, त्याच्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना. विहिरीवर हातोहात घागरी देतात ना, तसं. त्यात एक बटण, नाव ‘हातभार’. चालू ठेवलं की तुमचा फोन दुसऱ्याचं बोलणं पुढे ढकलतो, बॅटरी थोडी जास्त जाते, एवढंच. सगळ्यांनी चालू ठेवलं तर सगळ्यांना रेंज! गच्चीवर मीटिंग झाली, सगळ्यांचे हात वर. सेक्रेटरी तर उभे राहून म्हणाले, ‘एकमेकां साहाय्य करू!’ टाळ्या! गणित बरोबर होतं हो!

पहिल्या दिवशी काय रेंज, काय रेंज! आणि दुसऱ्या दिवशी? ठणठणाट! कारण प्रत्येकाने मनातल्या मनात तोच विचार केला, बाकीचे आहेतच की चालू ठेवायला, मी एकट्याने बंद केलं तर कुणाचं काय बिघडतं? सेक्रेटरींना विचारलं तर, ‘छे छे! चुकून हात लागला असेल हो.’ जिमवाला, ‘काका, माझी बॅटरी ना, जरा अशक्त आहे.’ दंड बघा त्याचे, आणि बॅटरी अशक्त! बाई म्हणाल्या, ‘माझे तास चालू असतात, मुलांचं नुकसान नको.’ आणि चालू कुणी ठेवलं होतं? ह्या गाढवाने!

जावयाला सांगितलं. तो खूश! म्हणे, ‘बाबा, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं वागले सगळे!’ मग त्याने नियम घातला, जशास तसे. जो तुमचं ढकलणार नाही, त्याचं तुमचा फोन आपणहून ढकलणार नाही. झालं! सगळे सुतासारखे सरळ... आणि जिमवाल्याचा फोन बादलीत पडला. खरंच पडला हो, त्याच्या मनात काही नव्हतं! पण फोनला काय कळतं? सेक्रेटरींचा फोन जिमवाल्याच्या फोनवर रुसला, माझा सेक्रेटरींच्यावर, बाईंचा माझ्यावर, जिमवाल्याचा तांदळाच्या डब्यातून वाळून बाहेर आला तो सगळ्यांवरच! माणसं जिन्यात एकमेकांना ‘काय, कसं काय’ करतायत, आणि खिशात फोन अबोला धरून बसलेत!

मग जावयाने त्यात क्षमा घातली. म्हणजे फोनने अधूनमधून विनाकारण माफ करून बघायचं, पुन्हा हात पुढे करायचा. आणि काय सांगू... चाललं! खरंच चाललं! सगळ्यांची बटणं चालू, आणि एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, सिंकपाशी, जिथे आजवर कधी रेंजची एक काडी दिसली नव्हती, तिथे फोन वाजला. ही! आवाज इतका स्वच्छ की वाटलं, मागेच उभी आहे. मी वळून बघितलंसुद्धा.

‘अगंबाई, लागला की हो!’ मी म्हटलं, लागला! आता बॅग भरत असेल. तर म्हणते कशी, ‘बरं झालं बाई. आता काळजी मिटली. बाळाची अंघोळ आहे, लेकीला जागरणं आहेत... आता फोन लागतोय तर यायची घाई काय? रोज बोलूच की!’

मी आपला ताठ, ‘हो हो, राहा ना! इथे माझं अगदी मजेत चाललंय.’ मजेत! हातात जळकं पातेलं होतं माझ्या!

गणित बरोबर होतं हो. पण त्या गणितात मी कुठे होतो? रात्रभर तळमळलो. आणि सकाळी, तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, मी हातभार बंद केला. मी मधला! घागर माझ्याच हातातून सांडली. खाली जिमवाला जिन्यात ‘हॅलो, हॅलो’ करत धावतोय, सेक्रेटरी दार वाजवून विचारतायत, ‘तुमचा चालू आहे ना?’ आणि मी, साळसूदासारखा, ‘माझा? माझा कधी बंद असतो का हो!’ आणि बाईंचा फोन मला माफ करतोय... पुन्हा हात पुढे करतोय... पुन्हा माफ करतोय... शरमेने मेल्याहून मेलो. पण बटणाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर ही! बॅग हातात, धापा टाकतेय, डोळे भरलेले. ‘कालपासून लावतेय! इस्त्रीवालाही उचलेना! कुठे पडलात की काय, नाही नाही ते मनात आलं! पहिली गाडी पकडून आले!’ मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की खोटं बोलवेना. म्हटलं, ‘मीच बंद केला होता.’

‘का?’

‘तू यावीस म्हणून.’

तिने बॅग खाली ठेवली, पदराने चेहरा पुसला, आणि म्हणाली, ‘अहो, मग ये म्हणायचं ना! फोन तर लागत होता!’