मोकळा कोपरा

— नाय नाय, ओढू नका तो धागा, मॅडम. सुटलेला नाय तो, सोडलेला हाय. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय माझ्या पायासारखाच हाय, नुसता दिसायला. इथं ओटीवर बसा. सेजल येईलच, टेकाडावर गेलीय. रेंज तिथंच मिळते. मुंबईच्या कंपनीला फोन करायचाय, नोकरीवर परत कधी येणार म्हणून ते रोज विचारतात. तुमचं ऐकून गेली ना मघाशी, कोपरा भरा तर दुकानासाठी माल घेते म्हणालात — तेव्हापासून तोंड एवढंसं झालंय पोरीचं. मी काय बोलत नाय, तुम्ही मफलर बघा. मफलर नाय म्हणायचं हो, स्कार्फ. मफलर म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, स्कार्फ म्हटलं की इंग्रजीत विचारतं.

लोकर इथली? इथं कुठली मेंढरं! आमच्याकडं पिकतो भात, नाचणी आणि मुंबईला जाणारी माणसं. कापड येतं कुठल्या तरी थंड मुलखातनं, छापतं मुंबईतलं मशीन, आणि नक्षी आमच्या आवडीच्या गोधडीची — आवडी म्हणजे आमची मंडळी, आत पडलीय, डोळ्यांनी दिसत नाय आता. सेजलनं गोधडी अंगणात अंथरली, शिडीवर चढली आणि वरून तुकड्या-तुकड्यानं फोटो काढले. कोंबडी मधे आली, तिचाही निघाला. मग कॉम्प्युटरवर कोंबडी पुसली आणि तुकडे जोडले. म्हणजे आजीनं जुनेराचे तुकडे जोडून गोधडी केली, आणि नातीनं गोधडीचे तुकडे जोडून परत गोधडी केली. एवढ्यासाठी चार वर्षं कॉलेज! वर आवडीचं लग्नातलं हिरवं लुगडं हाय ना त्यात, ते एका बोटानं जांभळं केलं. म्हटलं, बाय माझे, मला दुसरं लुगडं घ्यायला बारा पावसाळे लागले होते.

छापून झालं की कापड वाफेत धरतात, मग रंग बसतो म्हणे लोकरीत. मी म्हटलं, त्याला मुंबई कशाला, महाडजवळ सवला गरम पाण्याचं कुंड हाय, सरकारनं नाय, देवानं फुकट दिलंय, तिथं ने. हसली. हसते ती माझ्या बोलण्याला, तिचा बाप हसायचा नाय. — मग ते छापलेलं कापड इथं येतं, आणि वाडीतल्या बाया बसतात सुईदोरा घेऊन. मशीननं टाके छापलेले असतात, त्यांच्या मधून मधून या खरे टाके घालतात. हात फिरवा, कळेल खरा कुठला. डोळ्यांना नाय कळत. प्रयागबाई आमची, सत्तरीची, तीच फसली, छापलेला टाका उसवायला बसली होती अर्धा तास. यंत्राशी अशी झटापट चाललीय आमची.

आणि हा कोपरा. हो, हाच, तुम्हाला नडतोय तो. रिकामा, आणि धागा लोंबतोय. गिऱ्हाईक म्हणेल माल अर्धवट हाय, बरोबर हाय तुमचं. आता आमच्या वाडीचं शहाणपण ऐका. घरचं माणूस बाहेर असेल तर गोधडीची शेवटची ओळ घालायची नाय, कोपरा मोकळा ठेवायचा. बंद केला की त्याची वाट बंद झाली. पूर्वी माणूस जायचा म्हणजे आंबेनळी घाटातनं वर जायचा, आठ दिवसांनी उतरायचा, तोवर कोपरा उघडा, ठीक हाय. आता अर्धी वाडी मुंबईला. घरोघर गोधड्यांची तोंडं उघडी! शिमग्याला पोरं येतात, पालखी नाचवतात, बाया घाईघाईनं टाका घालून टाकतात, पोरं गेली की नव्या गोधडीला सुरुवात. एवढ्या गोधड्या झाल्यात की पांघरायला माणसं नायत.

आवडीची तेवढी राहिली. सुनीलसाठी — आमचा पोरगा, सेजलचा बाप. सेजल बालवाडीत होती तेव्हा गेला. मेला-बिला नाय हो, चांगला धडधाकट हाय, कल्याणला दुसरा संसार हाय, गाडी हाय, गाडीला लिंबू-मिरची हाय. फक्त रस्ता नाय सापडत त्याला, एवढा हायवे मोठा केला सरकारनं तरी. सेजलच्या आईनं, सारिकानं, महाडला लोकांचे कपडे शिवून पोरीला शिकवली. आणि आमची म्हातारी! दर शिमग्याला विचारते, आला काय हो? मी सांगतो, निघालाय म्हणे, घाटात गाडी अडकलीय. सतरा-अठरा वर्षं गाडी घाटातच हाय. खुळी हाय. मी म्हणतो तिला, अगं घाल तो टाका, आतलं जुनेर बाहेर येतंय, तर म्हणते, तुम्हीच घाला. मी कशाला घालू? बायकांचं काम ते. मला काय त्या कोपऱ्याचं? मी काय वाट बघतोय? मी ओटीवर झोपतो ते आत उकडतं म्हणून. थंडीत पण उकडतं आम्हाला.

काय करताय फोनवर? सेजलनं केलेलं नक्षीचं चित्र काय ते? — हां, भरता येतं होय इथल्या इथं. बोट फिरवलं की... बघू. चष्मा... दिसलं.

भरला.

एकदम आवडीचाच हात वाटतो. कोपऱ्यापर्यंत आली ओळ, वळली, आणि — संपली. एवढं सोपं होतं होय.

नाय, काय नाय झालं. धूर. चूल पेटलीय आत. तुम्ही मिटवा तो फोन जरा. नको, दाखवू नका परत, बघितलं मी. आवडीला दिसत नाय हो, तिला काय फरक पडत नाय. मला दिसतं ना.

एक सांगतो मॅडम. छापाल तुम्ही तो कोपरा, पण त्यावर खरा टाका घालायला वाडीतली एक बाई बसायची नाय. प्रयागबाई तर सुई तोंडावर फेकेल. आणि टाका नाय तर सेजलचं काम नाय, तुम्ही माल घेणार नाय, आणि पोर सोमवारी बॅग घेऊन पोलादपूर स्टँडवर. मग तिच्यासाठी पण एक कोपरा उघडा ठेवायचा काय आम्ही?

मी घालतो. शेवटचा टाका. तेवढा माझ्याकडं द्या, सगळ्या स्कार्फांवरचा. हसू नका, येतं मला, गोणपाटं शिवलीत जन्मभर. सुई ओवून द्यावी लागेल कुणी, बस. जो यायचा नाय त्याचा कोपरा बंद करून जी हाय ती घरात राहत असेल, तर सुई धरायला लाज कसली?

बायांना कळू द्यायचं नाय. आणि आत तर नायच नाय.

— काय गो? कोण नाय, दुकानवाल्या बाई हायत!... नाय, तो नाय. तो नाय गो, आवडे.

ती बघा सेजल उतरतेय. उठा, पुढं व्हा, तुमचं तुम्ही सांगा तिला, जमलं म्हणून. माझ्याकडं काय बघताय? जा म्हणतो ना.