पोहायच्या टाकीतला जिताडा

मृणाल : पण जाहिरातीत पाणी निळंशार दाखवलेलं. हे तर हिरवं आहे.

रंभाआजी : पाणी जितं हाय म्हणून हिरवं. निळं असतं ते औषधाचं. त्यात मासा मरतो.

मृणाल : स्विमिंग पूलमध्ये मासा आहे?

रंभाआजी : एकच. जिताडा. चार वर्षांचा झाला. हात नका घालू पाण्यात, अंगठी चमकते तुमची, त्याला कोळंबी वाटंल.

दौलत : मॅडम, तो काढून टाकू आपण. दोन दिवसांचं काम. टाइल्स घासून नव्यासारख्या करून देतो. काकी, तुम्ही जरा आत बसा ना. मी दाखवतो मॅडमना सगळं.

रंभाआजी : तू एजंट झालास दौलत, म्हणून मी पाहुणी नाय झाले. बंगला माझ्या नावावर हाय.

मृणाल : मला वाटलं, मालक सुशांतजी आहेत. फोनवर त्यांच्याशीच बोललेले मी.

रंभाआजी : सुशांत माझा मुलगा. बाईच्या नावानं घर घेतलं की सरकार स्टँपात एक टक्का सोडतं, म्हणून त्यानं मना मालकीण केली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई एवढ्या बंगल्याची मालकीण झाली, ती सवलतीत.

दौलत : काकींचं बोलणं मनावर घेऊ नका मॅडम. तुम्ही लोकेशन बघा. कल्याणपासून पाऊण तास आणि मागे नऊशे वर्षांचं देऊळ. सकाळी बेडरूमचा पडदा सरकवला की थेट इतिहास.

रंभाआजी : देऊळ हाय, त्यात खोटं काय नाय. सरकारी माणूस आला, फीत लावून मोजून गेला, निळी पाटी ठोकली. पाटी गंजली, देऊळ हाय तसं हाय. पण त्या अंगाला एक वीट ठेवायची बोललात तरी परवानगी भेटत नाय. हे सांगितलं का यानं?

मृणाल : नाही सांगितलं.

रंभाआजी : आता कळलं. गच्चीपण गळते, उत्तरेच्या कोपऱ्यात.

दौलत : असंच बोलून दोन गिऱ्हाईकं घालवलीत तुम्ही, काकी. सुशांतदादा माझ्यावर भडकलेला.

रंभाआजी : एकाला इथं लग्नाचे मांडव घालायचे होते, देवळासमोर डीजे लावून. दुसरा बोलला, वर्षातून दोन वेळा येत जाऊ. तसे येणारे माझ्या घरात हायतच की, त्यांना बाहेरून कशाला आणू?

मृणाल : मला राहायला हवंय, आजी. बारा महिने. घोडबंदर रोडला चौदा वर्षं काढली. आई आणि मी, दोघीच. आईची नजर गेलीय आता, पण पाखरं आवाजावरून ओळखते ती. तिकडे खिडकी उघडली की नुसते हॉर्न.

रंभाआजी : मग तुज्या नोकरीचं काय?

मृणाल : माझं काम घरूनच चालतं. पण तुम्ही कुठे जाणार?

रंभाआजी : घ्या. आजवर कोणी विचारलं नव्हतं हे. सुशांतकडं, तुमच्याच घोडबंदरला. बाविसावा माळा. फोनमधी खोली दाखवली त्यानं. बरी हाय. खिडकीला काच हाय, ती उघडत नाय.

मृणाल : आणि मासा?

रंभाआजी : मासा कुठं जातो. त्याची वेगळी गोष्ट हाय. बस अशी पायरीवर. दौलत, तूपण बस, घाम पूस. हे बघ बाय, वास्तुशांत झाली तेव्हा जेवण सोवळ्याचं. सुशांत बोलला, आई, पुढच्या रविवारी येतो, मासे कर. मी केले. तो नाय आला. मग बोलला, गाडी अडकली. मग सान्वीची परीक्षा. सान्वी माझी नात. शेवटी मी कोपरच्या गणूला सांगितलं, खाडीवरून जिताड्याची अठरा पिल्लं आण. टाकीत तसंपण कोण पोहत नव्हतं.

मृणाल : अठराचा एक कसा झाला?

रंभाआजी : एकमेकांना खातात ते. उरला तो हा. आमच्यात घरचा जिताडा विकत नाय. वाढवायचा, आणि माणूस जेवायला आला की काढायचा. डोकं घरच्या कर्त्याला वाढतात. मी बोलले, सुशांत या घरात जेवायला बसंल तेव्हा याला काढीन. तेव्हा हा तीन बोटांचा होता. आता माझ्या हाताएवढा झाला.

दौलत : काकी, दादाचा धंदाच असा आहे. त्याला वेळ कुठे असतो? म्हणून तर त्यानं हा कागद पाठवलाय. मुखत्यारपत्र. तुम्ही इथं सही केलीत की पुढचं सगळं तो तिकडूनच बघेल. तुम्हाला ऑफिसची पायरी चढायला नको.

रंभाआजी : म्हणजे त्याला इथं यायलापण नको.

दौलत : तसं नाही हो.

रंभाआजी : तसंच हाय. मना वाचायला वेळ लागतो, समजायला नाय. हा कागद परत ने. खरेदीच्या कागदावर सही करीन, पण त्यानं माझ्या हातचं जेवल्यावर. या घरात बसून. लाव त्याला फोन.

(दौलत फोन घेऊन आंब्याखाली जातो, थोड्या वेळानं परत येतो.)

मृणाल : काय म्हणाले?

दौलत : आधी चिडला. बोलला, एका माशासाठी व्यवहार अडवते काय आई. मग मी मासा केवढा झालाय ते सांगितलं.

रंभाआजी : मग?

दौलत : विचारत होता, पाणी कोण बदलतं, खायला काय घालते. मी बोललो, रोज सकाळी जिती कोळंबी, काकी स्वतः घालतात. मग बोलला, रविवारी येतो. सान्वीला घेऊन.

रंभाआजी : रविवारी.

दौलत : या वेळी खरंच येईल, काकी. आवाज वेगळा होता त्याचा.

रंभाआजी : आवाज दर वेळी वेगळाच असतो.

मृणाल : आजी, मला घाई नाही. ते येतील तेव्हा सही करा. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, केव्हाही. मी दुसरं घर बघणार नाही.

रंभाआजी : गच्ची गळते सांगितलं तरी?

मृणाल : बादली ठेवीन.

रंभाआजी : तुजी आई मासे खाते?

मृणाल : आम्ही मालवणच्या. काटे काढून दिले की खाते.

रंभाआजी : मग रविवारी तिला घेऊन ये. बाराच्या आत ये, मी सुशांतची दोन वाजेपर्यंत वाट बघीन. आला तर त्याच्या पानात डोकं वाढीन, आणि तो हात धुवून आला की सही करीन.

मृणाल : आणि नाही आले तर?

रंभाआजी : तर डोकं तुला वाढीन, बाय. सही तेव्हापण करीन.