दूधकाट्यावरचं लिनक्स

हसू नका, पण नव्वदच्या दशकाअखेरीस रहिमतपुरात लिनक्सचं नाव घेणारा मी एकटाच असेन. ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली डेअरीच्या मोडीतल्या दूधकाट्याच्या सर्किटवर चालवायचा मला नाद लागला. ते सर्किट जगावेगळं, त्यामुळे प्रणालीचा गाभा बदलण्यात वर्ष गेलं. एका सकाळी जोडलेल्या पडद्यावर अक्षरं उमटली. सांगणार कुणाला? शेजारच्या बापूंना ओढत आणलं.

"आता ह्ये दूध मोजतंय व्हय?"

"नाही. माझ्या हुकमाची वाट बघतंय."

"मग सोड की हुकूम, गड्या!"

काय सोडावा, याचा वर्षभरात मी विचारच केला नव्हता.

बापू उठले. "चालू दे तुझं. म्हशी खोळंबल्यात माझ्या."

"आवं बापू, चहा टाकतो. बसा की जरा."