सुई सुनेची, बोळा माझा

आणि त्या दिवशी वारा तरी कसला सुटला होता, तुम्हाला सांगतो! माघ सरत आलेला, ऊन कोवळं म्हणता म्हणता अकरालाच चटके देत होतं, आणि वारा असा भणाणता की आमच्या अख्ख्या रनाळे गावात घराघराच्या धाब्यावर वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा गल्लीगल्लीतून हिंडत होता... माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा! अशा दिवशी म्हाताऱ्यानं करायचं काय? ओट्यावर बसायचं, मिरचीचे देठ खुडायचे. मी खुडले. मधेच सून म्हणाली, "आप्पा, बसल्या बसल्या कापसाचे बोळे करून ठेवा." मी तेही केले. डबा भरून केले. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

थांबा, घाई करू नका, मी सावकाश सांगणारा माणूस. सून म्हणजे काजल, आमच्या हेमकांतची बायको. ही पोरगी सुरतेला जाऊन दोन वर्षं सुया टोचायचं शिकून आली. इंजेक्शन नाही बरं का! केसासारखी बारीक सुई, आत औषध नाही, गोळी नाही, काही नाही... नुसती टोचायची आणि माणसाला पडू द्यायचं. सराव कशावर केला म्हणाल? पपईवर! आमच्याच शेतातली पपई मांडीवर आडवी घ्यायची आणि टोच, टोच, टोच... समोरच्या ओट्यावरून भटू विचारायचा, "आप्पा, तुम्हनी पपईले गोवर निंघना का काय?" पपया संपल्या. मग घरात टोचण्याजोगा मीच उरलो. कानात तीन, पायात चार, कपाळावर एक. तसाच एकदा ओट्यावर येऊन बसलो तर पोस्टमन आला, माझ्याकडं बघितलं, पत्र उंबऱ्यावर टाकलं आणि सायकलवर टांग मारून गेला तो गेलाच! मी म्हटलं जाऊ दे. पोरगी शिकतेय. आपल्या अंगाचा तेवढा तरी उपयोग.

मग पुढची खोली रंगवली, खाट टाकली, पाटी लावली. आणि पेशंट? कोण येतो! आमच्याकडच्या माणसाला डॉक्टरकडून काय पाहिजे? एक सुई आणि एक सलाईन. सुई अशी की कमरेत कळ गेली पाहिजे, दोन दिवस लंगडता आलं पाहिजे. इथं काय, तर दवाई नसलेली सुई. गल्लीतली नानीबाई दारातूनच विचारून गेली, "सुईमा दवाई कोठे शे वं?" काजल म्हणाली, दवाई तुमच्या अंगातच आहे. नानीबाई म्हणाली, "अंगमा ऱ्हाती तं आठे कशाले येती मी?" बरं, एखादा चुकून आत आलाच तर ही त्याला विचारणार, झोप लागते का? भूक लागते का? राग कुणाचा येतो? जीभ दाखवा! अहो, गुडघा धरून आलेला माणूस, त्याला तुम्ही जीभ काढायला लावता? मी एकदा हळूच बोललो तसं. तर म्हणाली, "आप्पा, दुखणं गुडघ्यात असतं, पण माणूस अख्खा असतो ना." बोलली खरी... मला पटलंसुद्धा. पण मला पटून काय उपयोग? माझे गुडघे घरचेच.

हेमकांत शेवटी म्हणाला, "होळीलोंग दखू. नही तं खोली मामाना पोऱ्याले खतना दुकानले देई टाकू." म्हणजे होळीपर्यंत पेशंट आले नाहीत, तर खोली खताच्या दुकानाला. काजल त्या दिवसापासून खोली रोज दोनदा झाडायला लागली. माणूस न आलेली खोली दोनदा कशाला झाडायची, सांगा! मला ते बघवायचं नाही.

तर त्या वाऱ्याच्या दिवशी शेजारची जमनाबाई आली. पंधरा दिवस मिरच्या खुडून खांदा धरलेला, हात कानाच्या वर जाईना. काजलनं सगळं विचारलं. जमनाबाई अर्धा तास बोलत होती, मी बाहेर ऐकतोय. मग पडली. काजल म्हणाली, आप्पा, बोळे द्या. मी डबा दिला. तिनं बोळा स्पिरीटमध्ये बुडवला, खांदा पुसला, मान पुसली, पाच सुया टोचल्या...

"माय वं!! पेटनी वं माय, पेटनी!"

अहो, अशी किंचाळली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली! काजलनं भराभरा सुया काढल्या, आणि जमनाबाई अंगणात येऊन दोन्ही हातांनी पदर फडफडवून वारा घेतेय. दोन्ही हातांनी! तेवढ्यात भटू ओरडला, "दखा रे! जमनाबाईना हात वर गया!"

झालं. गावाला आणखी काय पाहिजे? संध्याकाळपर्यंत अख्ख्या रनाळ्यात एकच बोलणं, काजलच्या सुईत आग आहे, आग! हेमकांतनं मामाच्या पोराला फोन करून सांगितलं, दुकानाचं दुसरीकडं बघ. काजल मात्र चूल पेटवता पेटवता आपल्याच बोटांकडं बघत बसली होती... आप्पा, म्हणे, असं कधी होत नाही हो, माझं कुठं काय चुकलं?

आणि माझ्या डोळ्यात गेला खकाणा. म्हटलं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून लावू, गार वाटेल. लावला... अरे देवा! चाळीस वर्षं मिरचीत गेलेले हे हात, त्यांना काही कळत नाही, पण डोळ्याला कळलं ना! डबाभर बोळे, एकेक बोळा लवंगी मिरचीसारखा! तेव्हा उजेड पडला. म्हणजे निदान दुसऱ्या डोळ्यात तरी पडला.

सकाळी दारात पाच माणसं. नानीबाई सगळ्यात पुढं! "ती कालदिननी आगवाली सुई टोच माले." मी डबा मांडीवर घेऊन बसलो. तुम्हाला सांगतो, मिरचीची पाटी डोक्यावर घेताना जड वाटली नाही तेवढा तो कापूस जड वाटला. गप्प राहावं तर खोली वाचते, बोलावं तर जाते. पण पोरगी स्वतःला दोष देत होती हो... मी तिला बाजूला बोलावलं आणि सांगून टाकलं. बाप माणसानं खरं बोलू नये? तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

मला वाटलं, ऐकून घेईल, डबा फेकून देईल, नवा कापूस आणेल, विषय संपला. तर ही गेली सरळ दारात! म्हणाली, काल पेटली ती माझी सुई नव्हती, आप्पांच्या हातची मिरची होती. माझ्या सुईनं आग होत नाही. हळूहळू गुण येईल, कदाचित येणारही नाही. ज्याला पाहिजे त्यानं आत यावं.

कुणीच आलं नाही. नानीबाई जाता जाता म्हणाली, "मिरचीच चोळानी तं मन्हा घरमा काय कमी शे?" हेमकांतनं पुन्हा फोन काढला. काजलनं झाडू घेतला, तिसऱ्यांदा. मी चष्मा पुसत बसलो, आणि चष्मा तर मी लावतच नाही, भिंतीवरच्या खुंटीवरचा तो हेमकांतचा.

दुपारी जमनाबाई आली. मी म्हटलं आता शिव्या. खांद्याला ताक लावलेलं, तोंड लाल. काजल म्हणाली, मावशी, माफ करा. हात कसा आहे? "व्हता तसाच शे." आणि खाटेवर बसली की हो! म्हणाली, "तू माले काल इचारं, झोप लागस का, राग येस का. पोरी, चाळीस वरीसमा माले कोन्हीच नही इचारं. कालनं ऱ्हायेल आज सांगस, मंग सुया टोच." असं म्हणून जी बोलायला लागली... हेमकांत हातात फोन घेऊन दारात उभा होता, ऐकता ऐकता त्यानं तो खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी जमनाबाईनं आपल्या वहिनीला आणलं. मग नानीबाईही आली, आग नसली तर नसली, म्हणे, पण ऐकून तर घेतेस. होळी झाली, खोली अजून काजलचीच आहे. खांद्याचं म्हणाल तर हात कानापर्यंत जातो, पुढचं पुढं. पण जमनाबाईनं त्या दुपारीच एक अट घातली, आणि सगळ्यांनी ती उचलून धरली, माझ्या सख्ख्या मुलानंसुद्धा! "आते डोकराले आठे बठू देऊ नका."

माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, मला बंदी! तुम्हीच सांगा, माझं काय... जाऊ द्या. देठांची पाटी उचलली आणि गल्ली ओलांडून भटूच्या ओट्यावर गेलो. भटूनं सरकून जागा दिली, पाटी स्वतःपासून वीतभर लांब ढकलली आणि म्हणाला, "बठा आप्पा निवांत. आठे तुम्हना हातथून कोनले बरं वाटानी भीती नही."