मूळ मालकाची इच्छा

आमच्या आयोवातल्या गावी, पोस्टाच्या रांगेत व्हर्ना आणि डॉटी माझ्या पुढे होत्या. व्हर्ना सांगत होती,

“अगं, विटांच्या घरातलं टटलचं भूत गेल्या महिन्यात जुनी घरं जपणाऱ्या वारसा समितीपुढे उभं राहिलं.”

“घर बांधणारा टटल? तो कधीचा मेलाय!”

“तरी थंडी वाजते. खिडक्यांना दुहेरी काचा मागत होता.”

“मग?”

“नाही म्हणाले. मूळ मालकाला असलं खपलं नसतं.”

“अगं, मूळ मालक तोच ना!”

“तोही तेच ओरडत होता. पुरावा आण म्हणाले.”

“बिचारा! आता असतो कुठे?”

“माझ्याकडे, हीटरपाशी.”

“पण रविवारी समिती पाहुण्यांना ते घर दाखवते, तेव्हा टटल लागतो ना?”

“माझा नवरा जातो, मिशा चिकटवून. तो जरासा कुडकुडला, तर दुसऱ्याच दिवशी काचा बसल्या!”

“अशा कशा?”

“मूळ मालकाचीच इच्छा, म्हणे.”