बटणाच्या शेजारचा आकडा

...आणि वर काका मलाच विचारतात, "याहोस्का, तुझं यंत्र बिघडलं का गं?" माझं यंत्र! तुम्हाला सांगते, हात लावला यांनी, बोलणी खाल्ली मी. सांगा, चूक कोणाची?

आमची चिलो मावशी दर शनिवारी नाकातामाल करते. मक्याचं पीठ, आत मांस, वरून केळीचं पान, आणि रविवारी सकाळी आमचं अख्खं मानाग्वा शहर ते कॉफीबरोबर खातं. मी म्हटलं, मावशी, फोनवर ओरडून ऑर्डर घेणं पुरे, मी वेबपेज करते. मावशी म्हणाली, "एक रविवार देते. गोंधळ झाला तर बंद!"

केलं. तीन प्रकार, एकाखाली एक: डुक्कर, कोंबडी, बिनमांसाचं. प्रत्येकाचा फोटो, फोटोवर 'हवा' असं बटण, फोटोखाली आकडा. जावास्क्रिप्टला सांगितलं, बटण दाबलं की त्याला धरून बसलेल्या फोटोच्या चौकटीपर्यंत एक पायरी वर जा, मग लगेच पुढचा शेजारी गाठ, तो आकडा, त्यात एक वाढव. झकास चाललं!

मग एवेनोर काका. मावशीचे यजमान, निवृत्त, दिवसभर मोकळे. "आकडा फोटोखाली कोणाला दिसणार? वर पाहिजे!" म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर बसून तिन्ही आकडे उचलले आणि फोटोंच्या वर ठेवले. मला न विचारता! आता डुकराच्या फोटोचा पुढचा शेजारी कोण? कोंबडीचा आकडा! कोंबडीच्या पुढे? बिनमांसाचा! आणि बिनमांसाच्या पुढे... कोणीच नाही. सांगा, चूक कोणाची?

रविवारी सकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक नोहेलियाबाईंचा फोन. "आठ डुकराचे सांगितले होते, आठही कोंबड्या? माझे मुलगे काय आजारी आहेत, कोंबडीवर राहायला?" तो ठेवते तोवर दुसरे गिऱ्हाईक, फिलेमोन आजोबा, दारात, हातात उघडलेलं पान. "पोरी, यातली कोंबडी कुठे गेली? उडून गेली?" मावशीने ऑर्डरींची जुनी वही काढून फोनशेजारी ठेवली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं!

मी काकांवर तुटून पडले. काका शांत. "अगं, परवा मी टॅक्सीवाल्याला घराचा पत्ता सांगितला, जुनं चिंचेचं झाड होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक वर. तू हसलीस. म्हणालीस, झाड पडून वीस वर्षं झाली, नव्या माणसाने काय करायचं? मग तुझ्या बटणाला तू कसा पत्ता दिलास?"

...

एक पायरी वर, मग शेजारी. अगदी तसाच! मी, कॉलेजात शिकलेली! आता... सांगा, चूक कोणाची? नको, नका सांगू.

मावशीच्या हातापाया पडून आणखी एक रविवार मागितला. वेबपेजवर प्रत्येक प्रकाराला स्वतःचं घर बांधून दिलं, दारावर नावाची पाटी लावली. बटणाला म्हटलं, पायऱ्या मोजू नकोस, पाटी दिसेपर्यंत वर चढ, आणि मग त्याच घरात आकडा शोध. तो वर असो, खाली असो, कोपऱ्यात रुसून बसलेला असो! मग मी स्वतः, हो, स्वतः, काकांना म्हटलं, हलवा काय हलवायचं ते. त्यांनी आकडे इकडेतिकडे केले, बटणं खाली नेली, एका फोटोला फुलांची चौकटसुद्धा लावली. डुक्कर दाबलं, डुक्कर वाढलं. कोंबडी दाबली, कोंबडी वाढली. काका टाळ्या वाजवायला लागले, आणि खरं सांगते, मीही.

पुढच्या रविवारी एकशे चाळीस नाकातामालांच्या ऑर्डरी! एकही चुकली नाही. नोहेलियाबाईंनी बारा मागवले, सगळे डुकराचे. मावशीने माझ्या कपाळाचा मुका घेतला, म्हणाली, "वेबपेज राहणार."

आणि माझ्यासमोर केळीच्या पानांचा हा एवढा ढीग ठेवला. "एकशे चाळीस माझ्या दोन हातांनी होत नाहीत, पोरी. बस, पुसायला घे."