तारामतीच्या गळ्यातली बोरमाळ

नाव मल्लिकार्जुन शरणप्पा हुडगे, वय ४४ वर्षे, धंदा पेंटर व आर्टिस्ट, राहणार स्टेशन रोड, उदगीर, जिल्हा लातूर. हवालदारांनी सवयीने जिल्हा उस्मानाबाद लिहिले होते, ते मी खोडायला लावले. नवा जिल्हा झाल्यापासून या गावातल्या निम्म्या पाट्यांवरचे उस्मानाबाद पुसून लातूर मी केले आहे, या ठाण्याची पाटी धरून.

मी आपल्या पायाने ठाण्यात आलो असून कोणी बोलावणे धाडलेले नाही. फौजदार साहेबांच्या समोर बसून सांगतो ते असे.

माझा धंदा तीन प्रकारचा आहे. दुकानांच्या व कचेऱ्यांच्या पाट्या लिहितो. घरांची दारे, खिडक्या, भिंती रंगवतो, पत्रा गळत असेल तर तोही डांबर लावून नीट करून देतो. तिसरे, फोटोवरून तैलचित्र काढतो. ही तिसरी कला आहे, बाकीची दोन पोटासाठी. हवालदारांनी तिन्ही मिळून 'रंगकाम' असे लिहिले, ते मला मान्य नाही. यंदा पाऊस नाही. चुन्याला पाणी लागते आणि लोकांना प्यायलाच टँकरचे पाणी, त्यामुळे भिंती रंगवायला कोणी बोलावत नाही. ऑइलपेंटला पाण्याचा थेंब लागत नाही. म्हणून दारांवर आणि चित्रांवर माझे चालून राहिले आहे, आणि झकास चालून राहिले आहे.

काल बाजारात ऐकले की रामकिशन नरसिंग मुळे, धंदा शेती, राहणार उदगीर, यांना पोलिसांनी आणून बसवले आहे. रामकिशन यांची बायको तारामती गेल्या साली काविळीने वारली. फिर्याद तिचा भाऊ अण्णाराव, राहणार चाकूर, याने दिली आहे. त्याचे म्हणणे असे की, बहिणीच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ होती, ती मेहुण्याने दाबून ठेवली आणि आता दुसरे लग्न करून नव्या बायकोच्या गळ्यात घालणार. पुरावा म्हणून त्याने आईला बरोबर घेऊन तारामतीचे चित्र गोधडीत गुंडाळून एसटीने आणले व साहेबांच्या टेबलावर ठेवले. चित्रात बोरमाळ आहे. ते चित्र मी काढलेले आहे. खाली कोपऱ्यात माझी सही आहे, ती मी ओळखली.

मी आल्याबरोबर साहेब म्हणाले, "पेंटर, तुमच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय? फोटोबरहुकूम हुबेहूब चित्र काढून मिळेल. मग ही बोरमाळ हवेतून आली का?" मला राग आला, हे मी लपवत नाही. पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्या चित्राला खोटे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. पण माझ्या पाटीपायी एखादा माणूस आत जाणार असेल तर मी तोंडाला कुलूप लावून बसणारा नाही. मी साहेबांना सांगितले की बोरमाळ माझी आहे. पिवळा, थोडा तपकिरी आणि वरून पांढऱ्याचा ठिपका, एवढ्या मालातून ती मी घडवली. सोनाराच्या भट्टीत ती कधी गेलेली नाही.

तारामती वारल्यावर तिची आई साखराबाई फोटो घेऊन माझ्या दुकानी आल्या होत्या. फोटो जत्रेतला, मागे रंगवलेला पडदा असतो तसला. पडदाही भिकार होता, पण तो विषय वेगळा. साखराबाई म्हणाल्या, "लेकीचा गळा लई मोकळा दिसून राहिला, बाबा. कायतरी घाला की." मी विचारले, काय घालू? त्या म्हणाल्या, "बोरमाळ घाला. तिला लई हौस हुती. आमच्यानं न्हाई झालं, तुमच्या हातानं तर हुईल."

यात नवीन काही नाही. हा आमच्या धंद्यातला दस्तूर आहे. गेलेल्या बाईचे चित्र काढायला आलेले दहांतले नऊ लोक म्हणतात, अंगावर दागिने दाखवा. चित्रात सोने घालताना कोणी हात आखडत नाही. लोह्यापासून चाकूरपर्यंत कितीतरी घरांत गेलेल्या बायांच्या गळ्यात माझी बोरमाळ आहे आणि ती एकच आहे. तिचा मूळ नमुना स्टेशनकडे जाताना सराफाच्या दुकानावर जी पाटी आहे तिच्यावर आहे. तीही मीच काढली. तिथे सगळ्या मण्यांवर उजेड डावीकडून पडला आहे, कारण माझ्या दुकानाची खिडकी डावीकडे आहे. तारामतीच्या चेहऱ्यावर उजेड उजवीकडून आहे, कारण फोटोत तसा आहे, आणि तिच्या बोरमाळेवर डावीकडून. साहेबांनी शिपायाला पाटी बघायला धाडले. तो येऊन म्हणाला, "साहेब, तीच हाय. मण्याला मणी." नाक, डोळे, कपाळ फोटोबरहुकूम आहेत, त्याला मी जबाबदार. दागिन्यांना सराफाची पाटी जबाबदार.

आणखी असे की, तारामतीला मी हयातीत पाहिले होते. तिच्या लग्नानंतर रामकिशन यांच्या घराच्या दाराला हिरवा रंग मारायला मी गेलो होतो. तिने मला गुळाचा चहा दिला. गळ्यात काळी पोत आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या, याच्यापलीकडे गुंजभर सोने नव्हते. आम्ही लोक रंग मारताना सगळे बघतो, ते आमचे कामच आहे. ते दार मी परवा पाहिले, अजून एक पापुद्रा सुटलेला नाही.

अण्णाराव हा निजामाबादकडे कामाला असतो. बहीण वारली तेव्हा त्याला येता आले नाही. यंदा गावी आला तेव्हा त्याने चित्र पहिल्यांदा पाहिले व आईला विचारले, ही माळ कुठे आहे? आई म्हणाली, "असंल की जावयाकडं." साखराबाईंना इथे साहेबांनी विचारले तेव्हाही त्या आधी तेच म्हणाल्या. मी म्हणालो, "मावशी, माझ्याकडं बघा. माझ्या दुकानात कोण बसलं होतं? बोरमाळ घाला म्हणून कोण म्हणालं होतं?" त्यांनी टेबलावरच्या चित्राकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हाव, मीच म्हणले हुते. पर रोज दिवा लावून बघते ना बाबा. बघू बघू खरीच वाटून राहिली." त्या खोटे बोलत होत्या असे माझे म्हणणे नाही. तसे कोणी लिहू नये.

अण्णाराव खाली मान घालून बसला. नंतर त्याचे डोके फिरले. तो उठून मला म्हणाला, "पुसा ती माळ. आत्ताच्या आत्ता पुसा." मी त्याला ठणकावून सांगितले की माझ्या चित्राला हात लावशील तर बघ. ज्याला बोरमाळ नको असेल त्याने दुसरा पेंटर गाठावा, मिळाला तर.

साहेबांनी रामकिशन यांना आतून बाहेर आणले व मोकळे केले. अण्णारावने फिर्याद मागे घेतो असे सर्वांदेखत सांगितले. रामकिशन यांनी हे चित्र आज पहिल्यांदा पाहिले. कोणी त्यांना दाखवले नव्हते. ते टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "लई सोबून दिसते तिला. मला बी घालायची हुती." एवढे बोलून ते मेहुण्याशी न बोलता निघून गेले.

त्यानंतर साखराबाई चित्र गोधडीत गुंडाळायला उठल्या. अर्धे गुंडाळून थांबल्या व मला म्हणाल्या, "बोरमाळ तुमची, मान्य हाय मला. पर हसून राहिली बघा माझी लेक. हे हसू तर तिचंच हाय ना, बाबा?" मी म्हणालो, "तिचंच आहे, मावशी." त्यांनी चित्र छातीशी धरले आणि बाहेर ओट्यावर जाऊन एसटीची वाट बघत बसल्या.

त्या बाहेर गेल्यावर मी जत्रेतला फोटो साहेबांपुढे ठेवला. तो माझ्या दुकानात राहिला होता. फोटोत तारामतीचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. दार रंगवायला गेलो त्या दिवशीही ती हसली नव्हती. हसू माझे आहे. साहेब म्हणाले, फिर्यादीशी याचा संबंध नाही, नाही लिहिले तरी चालेल. मी म्हणालो, लिहा. मल्लिकार्जुन हुडगेचा जबाब अर्धा नको.

हा जबाब हवालदारांनी ओट्याकडचे दार लावून घेऊन, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.